शेडमधले शेवटचे दहा फूट

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, पोरांनो. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. म्हणजे, घडली तेव्हा मी घरी घोरत होतो, ते सोडा. पण ज्याच्यावर बेतली तो मिस्त्री माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला, आणि त्याने मला सगळं सांगितलं ते पलंगावर पडल्यापडल्या, छताकडे बघत. असा पडलेला माणूस खोटं बोलत नाही. उभा होता तेव्हा बोलायचा, पण त्यावर येतोच.

तारीख सोळा नोव्हेंबर, वार गुरुवार. रात्री साडेनऊला जेवणं आटोपली आणि मिस्त्रीचा फोन वाजला. तळ्यावरचा बोटवाला होता. त्याचा बोटीचा ट्रेलर शेडच्या दारात अडकून पडला होता. बोट आत, आणि ओढणारी जीप रस्ता अडवून आडवी. पुढे घेतला की सुरळीत येतो, मागे ढकलला की चाकं जाम. दोन मेकॅनिक हात टेकून गेले, आणि सकाळी सहाला त्याच रस्त्याने पाण्याचे टँकर जाणार. किल्ली पायपुसण्याखाली ठेवलीय, म्हणाला, मी काही रात्री तिथे थांबत नाही.

न थांबायला कारण होतं. वर्षापूर्वी त्याच शेडमध्ये, तोच ट्रेलर आणि मागची भिंत यांच्यामध्ये मिस्त्रीचा मेहुणा चिरडून मेला होता. बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने किडकिडीत, म्हणून सगळे त्याला काडी म्हणायचे. मिस्त्री गाडी मागे घेत होता, काडी मागे उभा राहून दिशा देत होता. मिस्त्रीने पोलिसांना सांगितलं, सासूला सांगितलं, बायकोलाही सांगितलं, की तो शेवटपर्यंत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत राहिला, मी काय करणार? वर चार माणसांत हसायचा, की आमच्या काडीला फूट आणि इंच यातला फरक कधी कळलाच नाही. सासूने ते एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं. उन्हाळा काही तिने काढला नाही.

तेव्हापासून मिस्त्रीच्या गाडीमागे कोणी उभं राहीना. हाताखालची माणसं पाने-पक्कड द्यायची, पण ‘जरा मागे बघ’ म्हटलं की एकेकाला लघवी लागायची. त्या रात्रीही कोणी आलं नाही. तेव्हा वहिनी, म्हणजे मिस्त्रीची बायको, ताटं विसळून पदराला हात पुसत म्हणाली, की टॉर्च धरायला मी येते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दोघं शेडवर पोचली.

आता हा ब्रेक कसा असतो ते ऐका, नाहीतर पुढची मजा जाईल. ट्रेलरचा ब्रेक पायाने लागत नाही. गाडी हळू झाली की ट्रेलर मागून तिच्यावर रेलतो, पुढचा दांडा आत दबतो आणि त्या दाबाने ब्रेक लागतो. पण रिव्हर्स घेतानाही दांडा दबतोच. शेडची जमीन आत चढती, म्हणजे आणखीच दबणार. म्हणून गाडीच्या रिव्हर्सच्या दिव्यावरून एक वायर ट्रेलरला नेतात. दिवा लागला की ‘टक्’ करून एक व्हॉल्व्ह बंद होतो आणि ब्रेकला दाबच पोचत नाही. ही वायर बिघडली की खरा कारागीर ती दुरुस्त करतो. मिस्त्री दांड्यात लोखंडी खीळ ठोकायचा. खीळ ठोकली की दांडा दबत नाही, ब्रेक लागत नाही, काम पाच मिनिटांत. काडी गेला त्या दिवशीही त्याने खीळच ठोकली होती. नसती ठोकली, तर ट्रेलर जागच्या जागी जाम झाला असता आणि काडी आज तुमच्यात बसून माझी टर उडवत असता.

पण या वेळी मिस्त्रीने सगळं नीट तपासलं. प्लगच्या पिना घासल्या. वायरला दिवा लावून पाहिला, लागला. व्हॉल्व्ह टक् वाजला. चाक जॅकवर उचललं, वहिनीला जीपमध्ये बसवून रिव्हर्स टाकायला लावला आणि हाताने फिरवून बघितलं. गरगर फिरलं. दुसरंही फिरलं. जॅक काढला, स्वतः बसला, वहिनीला मागे भिंतीशी उभं केलं, रिव्हर्स टाकला.

जाम.

खीळ ठोकली. आता तर जाम व्हायला काही जागाच नाही.

जाम. टायर घासले, जळक्या रबराचा वास सुटला, ट्रेलर तसूभर हलला नाही. भिंत अजून दहा फूट लांब.

मिस्त्री खाली उतरला. चाकाला लाथ घातली आणि दातओठ खात म्हणाला, “आता तरी सोड की रे, साल्या.”

टॉर्चचा झोत त्याच्या तोंडावर आला.

“कोणाला म्हणालात?”

“ट्रेलरला.”

वहिनीने झोत खाली, स्वतःच्या पायाशी घेतला. मग तिने विचारलं, तो नेमका कुठे उभा होता. मिस्त्रीने सांगितलं, तू उभी आहेस तिथेच.

“आणि काय म्हणत होता?”

“किती वेळा सांगू? येऊ दे म्हणत होता. शेवटपर्यंत.”

“बरं,” वहिनी म्हणाली. “मग तुम्ही या इथे. मी घेते रिव्हर्स.”

गाडी तिला येत होती. भावानेच शिकवली होती. मिस्त्रीला नाही म्हणता येईना. नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. शिवाय त्याला हसूच आलं. खीळ ठोकून, सगळं करून जो ब्रेक सुटत नाही, त्याच्या मागे उभं राहायला कसली भीती? टॉर्च घेऊन तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

भिंत गार होती.

तिथे उभं राहिल्यावर त्याला आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरला कधी होता? काडी ‘बस’ म्हणाला होता. तीनदा. तिसरं ‘बस’ मिस्त्रीने स्पष्ट ऐकलं होतं. पण मेहुण्याने आपल्याला शिकवावं? एवढ्यात कसलं बस, अजून दोन फूट आहेत, असं म्हणून त्याने पाय दाबला होता.

जीपचे मागचे दिवे लागले. ट्रेलरमध्ये टक् वाजलं.

आणि चाकं फिरली.

आवाज नाही, घासणं नाही... तेल घातलेल्या दारासारखा ट्रेलर आत आला. आठ फूट.

“हां, सुटला,” मिस्त्री म्हणाला. “बस.”

सहा.

“बस, बस. अगं, बस...”

चार. बाजूला सरायला गेला. बोटीचा कठडा आणि शेडचा खांब... मध्ये वाट नव्हती. टॉर्च पडली.

“थांब...”

तेव्हा त्याच्या कानाशी, अगदी खांद्याला खांदा लावून उभं असल्यासारखं, कोणीतरी शांतपणे म्हणालं...

“येऊ दे.”

दोन फूट.

“येऊ दे... येऊ दे...”

...

मिस्त्री मेला नाही. कमरेखालचं सगळं गेलं, तेवढंच. त्याला भरवणं, पुसणं, कूस वळवणं वहिनी करते, आणि फार नीट करते. पोलिसांना तिने सांगितलं, की हे शेवटपर्यंत येऊ दे म्हणत राहिले, मी काय करणार? गेल्या वर्षी कागदावर हेच वाक्य घेतलं होतं. तेव्हा चाललं, मग आता का नाही चालणार?

तिसऱ्या दिवशी बोटवाल्याने ट्रेलर भंगारात काढायचा ठरवला. चाकं उतरवायला मी गेलो होतो, याला साक्षीदार आहेत. डाव्या चाकाचा ड्रम गंजून बसलेला. दोघांनी पुलर लावून ओढला तेव्हा निघाला. वर्षभर कोणी उघडला नव्हता हे गंजावरून आंधळ्यालाही कळलं असतं. आतल्या बाजूला ब्रेकची काळी भुकटी जाड बसली होती. त्या भुकटीत चार बोटं उठली होती. आतून, चाक धरून ठेवावं तशी. बारीक, काडीसारखी बोटं.

आता खरं सांगतो. बोटं मी पाहिली, त्यात माझ्या पदरचं काही नाही. पण तो कानाशी आलेला आवाज मात्र मी घातलाय. तिथे कोणी ‘येऊ दे’ म्हणालं नव्हतं. वहिनीला मी एकदा विचारलं होतं. ती मिस्त्रीच्या तोंडाला चमचा लावत होती. म्हणाली, भाऊजी, जीपची काच खालीच होती. सगळं ऐकू येत होतं.