पट्ट्यावरचे खुंट

कट्टा गावी मी गेले ती अगदी साध्या कामाला. हौसाबाईंकडून वस्तऱ्याला धार द्यायला शिकायचं आणि संध्याकाळच्या एस.टी.ने घरी परतायचं.

अप्पांची दाढी आता मलाच करावी लागणार होती. अप्पा म्हणजे माझे वडील, हेडमास्तर होते. अर्धांगवायूने आडवे झाले तरी वाढलेल्या दाढीने कुणाच्या नजरेला पडायला तयार नसत. त्यात साखरेचा आजार. मागे पायाला जरासं खरचटलं, ते चिघळलं आणि बोटच काढावं लागलं. "आता एकही जखम नको," डॉक्टरांनी बजावलं होतं. बोथट वस्तरा कातडी ओढतो, फाडतो. आमच्याकडे दाढी करायला येणारा, गालात कायम तंबाखू धरणारा बाबली न्हावी शिमग्यात वारला होता. त्याची बायको हौसाबाई आयुष्यभर पडवीत बसून त्याच्या वस्तऱ्यांना धार देत आली होती.

"कॉलेजात ह्यां शिकवक नाय काय गो?" ती हसली. चामड्याच्या पट्ट्याचं एक टोक तिने खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं माझ्या मुठीत दिलं. "पाठ फुडे, धार मागे. वळवताना पाठीर वळव. आणि पट्टो ताणून धर. ढिलो सोडलंस तर धार रुततली."

पात्याच्या चर्र आवाजाला मी दचकत होते. ती म्हणाली, "भिया नको. सुरी काय उडान चावना नाय."

निघताना तिने पट्टाच माझ्या हातात ठेवला. "रोज तळहातान चोळ. सुको पडलो तर चिरतलो."

"परत कधी आणू, मावशी?"

"माका नको," ती पटकन म्हणाली, आणि हात पदराला पुसत राहिली.

तो पट्टा... काय सांगू. कित्येक वर्षांच्या घामाने काळा पडलेला, कुबट, कुणाच्या तरी तेलकट उशीसारखा वास. चोळला की तळव्याला करडा, ओशट मळ लागे. हात साबणाने धुतला, चिंच लावली, तरी भातात तोच वास. शेवटी मी पट्टा डाव्या हाताने चोळायला लागले.

एका दुपारी तळव्याला काहीतरी टोचलं.

उजेडात धरलं. खुंट. दाढीचे, पांढरे, राठ. चिकटले असतील म्हणून फडक्याने पुसले. हलेनात. चामड्याला बारीक छिद्रं होती आणि प्रत्येक छिद्रातून एकेक केस... उगवलेला. मी मोरीत जाऊन तळवा घासून काढला.

मग वस्तरा घेऊन अप्पांपाशी गेले, तर त्यांचे गाल गुळगुळीत. चार दिवसांची दाढी हवी होती तिथे.

"कोण गो..." त्यांची जीभ जड झालेली, तरी ते हसले, "रोज गालार हात फिरयता? बरां वाटता..."

खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. अप्पांच्या चेहऱ्याला पातं लावायलाच नको! दर दोन दिवसांनी न्हाणीत दार लावून मी पट्ट्याची दाढी करू लागले. शिकले त्याच्या उलट, धार पुढे. किळस एवढी यायची की टोक दोन बोटांच्या चिमटीत धरायचे.

चिमटीत पट्टा ताणला राहत नाही. एकदा तो सैल पडला आणि पातं रुतलं.

चीर पडली. तिच्यातून पिवळट, चिकट पाणी आलं.

मी धावत अप्पांकडे गेले. चेहऱ्यावर कुठेही जखम नव्हती. पण ओठ घट्ट मिटलेले. आई चमचा लावत होती, पेज हनुवटीवरून ओघळत होती. "उघडनतच नाय गो, सुनीती," ती रडायला लागली. डॉक्टर येऊन गेले. दुसरा झटका, म्हणाले. घशाखाली पाणीसुद्धा जात नसेल, तर फार दिवस नाहीत.

पट्ट्याची चीर चिघळायला लागली होती. गोडसर, कुजका वास येत होता. मी बोटावर मलम घेऊन आत भरायला गेले. चिरेच्या कडा ओल्या, गरम होत्या. त्यांनी माझं बोट धरलं... आणि हळूच चोखलं.

मी किंचाळणार, तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली, "सुनीती! गिळल्यानी गो! काय तरी गिळल्यानी!"

तेव्हापासून पेज मीच भरवते. न्हाणीचं दार लावून, पट्ट्याच्या चिरेत, चमच्याचमच्याने. चीर गिळताना चुळुक आवाज होतो. आईला वाटतं, ओठ मिटलेले असूनही अप्पांच्या अंगाला लागतंय ही देवाची कृपा. अप्पांचा रंग सुधारलाय. मी थांबले तर ते जातील, एवढं मला कळतं. म्हणून नाक दाबून भरवते.

काल वाटी रिकामी झाली आणि चिरेतून माझ्या तोंडावर ढेकर आला. उष्ण, आंबट... तंबाखूचा.

अप्पांनी जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात धरलेलं नाही.