मानवतची आठ-दहाची फेरी

दोन घंट्या दिल्यावर गाडी पुन्हा थांबवायची नाही, हा शिवकन्याचा नियम. कंडक्टर होऊन तिला चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत कुणाकुणाचे भाचे-पुतणे मागं पळाले, तरी तिनं तो मोडला नव्हता. पण दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, मानवतच्या स्टँडवरून सकाळची आठ-दहाची परभणी गाडी निघाली आणि मागून एकजण पळत आला. हात हलवत नव्हता, ओरडत नव्हता. दोन्ही हातांनी त्यानं छातीशी काहीतरी धरलं होतं, तान्हं लेकरू धरावं तसं. लेकरूच आहे असं वाटून तिनं दोरी ओढली.

आत आल्यावर पाहते तर काय, ओल्या कागदाच्या चार गुंडाळ्या!

"लेकरू कुठंय?" तिनं विचारलं.

"कोनतं लेकरू?"

"मग हे काय हाय?"

"बियानं... सरकीचं." त्याला धाप लागली होती. "उगवायलंय. हिसका बसला की कोंब मोडतोय, मनून हात करता आला न्हाई."

"उगवायलंय मंजे जिवंत हाय. त्याचं बी तिकीट लागंल."

"अर्धं का पूर्ण?"

त्यानं हे इतक्या गंभीरपणे विचारलं की पुढच्या सीटवरची लक्ष्मीबाई खो-खो हसली. शिवकन्यानं मान खाली घालून मशिनमधून एकच तिकीट काढलं. हसू दाबायला मशीन फार सोयीचं असतं.

त्याचं नाव ओमप्रकाश. मानवतचाच. परभणीला गोदाकाठ सीड्सचं मुख्य ऑफिस होतं, तिथल्या प्रयोगशाळेत तो बियाणं तपासायचा. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे आणि आठव्या दिवशी किती उगवले ते मोजायचं, हे त्याचं काम. मानवतच्या प्लँटमधले नमुने तो घेऊन यायचा. आठ-दहाच्या गाडीला लोक कंपनीचीच गाडी म्हणायचे, कारण निम्म्या सीटवर तिचीच माणसं. ऑफिसात झाडलोट करणारी लक्ष्मीबाईसुद्धा त्यातलीच. सगळ्यांजवळ पास होते. ओमप्रकाश तेवढा रोज तिकीट काढायचा.

महिनाभरानं तिनं विचारलंच, "तुमी पास कामून काढत न्हाई? रोजचं येनं-जानं हाय तुमचं."

"पासवाल्याजवळ तुमी थांबत न्हाई. बगता आन् पुढं जाता." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तिकिटाला थांबावं लागतंय."

त्याचे कान लाल झाले होते. तिचे झाले की नाही हे तिला कळायला मार्ग नव्हता, पण ताडबोरगावला उतरणाऱ्या एका आजोबांना तिनं त्या दिवशी कोल्हा पाटीचं तिकीट दिलं. त्यावरून जी बोलणी खाल्ली, ती तिनं मुकाट्यानं खाल्ली.

मग हे रोजचंच झालं. "आज किती उगवले?" ती विचारायची. "ब्याण्णव." "आठ कुठं गेले?" "लाजायलेत." असं काहीबाही. कापसाच्या ट्रकमागून गाडी चालली की उघड्या खिडक्यांतून कापसाचे पुंजके आत यायचे, तिच्या खाकी बाहीला चिकटायचे. तो नजरेनं दाखवायचा, ती झटकायची... आणि एखादा मुद्दाम राहू द्यायची. ड्रायव्हर भगवानराव आरशातून सगळं बघायचे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस, त्यांना दुसरी करमणूक काय होती?

जानेवारीत बातमी आली. कंपनीचं मुख्य ऑफिस हैदराबादला चाललं. मार्चअखेर परभणीच्या इमारतीला कुलूप. मानवतचा प्लँट तेवढा राहणार, तोही बारा माणसांवर. ज्यांना हैदराबादला यायचं त्यांनी दहा मार्चपर्यंत लिहून द्यायचं होतं.

"निजामाच्या टायमाला आपला अर्ज बी हैदराबादला जायचा," भगवानराव म्हणाले. "आता मानसं चालली."

गाडीत कुणी हसलं नाही. लक्ष्मीबाई पदराचं टोक चावत बसली होती. झाडूवालीला कोण हैदराबादला नेणार? परभणीत चार घरची कामं धरायची तिची तयारी होती, पण त्यासाठी सकाळी पोचवणारी ही गाडी हवी. आणि गाडीचाच भरवसा उरला नव्हता. शिवकन्या रोज डोकी मोजायची. चोपन्न. मग एकोणपन्नास. फेब्रुवारीच्या मध्याला एक्केचाळीस. डेपोत साहेबांनी बोलावून सांगितलं, "गाडी रिकामी पळवून कसं चालंल? कंपनी गेल्यावर ही फेरी ऱ्हाईल का, सांगता येत न्हाई."

पण खरं सांगायचं तर तिला घोर होता तो फेरीचा नाही. फेरी गेली तर दुसरी मिळेल, एसटीला रस्त्यांची काय कमी? हा गेला तर? तिच्या घरी, परभणीला, आई एकटी. धुरपदाबाईला संधिवातानं उठणं होत नव्हतं, आणि नोकरी तर शिवकन्यानं स्वतःच्या मेहनतीनं मिळवलेली. ती सोडून हैदराबादला कुणाच्या मागं जाणार? आणि कुणी 'चल' तरी म्हटलं होतं का? तो तर काहीच बोलत नव्हता. ऑफिसातली चांगली पोरं सगळी जायला निघाली होती, याला बढती मिळणार अशी कुजबूज तिच्या कानावर होती.

एकदा तिनं विचारायचं ठरवलं. रात्रभर शब्द जुळवले. सकाळी त्याच्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी... ते... लिहून दिलं का?"

"न्हाई अजून." तो थांबला. "तुमी काय मनता?"

"मी काय मननार? तुमची नोकरी हाय."

झालं! स्वतःची जीभ चावावी असं तिला वाटलं. त्यानं नुसती मान हलवली आणि तिकीट खिशात ठेवलं.

दहा मार्च गेला. बारा तारखेला सकाळी ती मशीन घेऊन त्याच्याजवळ आली, नेहमीसारखी आकडा दाबून तयार... आणि त्यानं खिशातून पास काढला.

नवा कोरा पास.

"पास," तो म्हणाला. आणखी काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण ती पुढं गेली होती. तिला एकच कळलं होतं. याला आता आपण थांबायला नको आहोत. जायचंच ठरलंय तर शेवटचे अठरा-वीस दिवस कशाला गुंतायचं, असा हिशेब केला असणार शहाण्यानं. बरं झालं. बरंच झालं की! तिनं इतक्या जोरात घंटा मारली की भगवानरावांनी मागं वळून पाहिलं.

त्यानंतर रोज तो पास पुढं धरायचा आणि रोज ती खिडकीबाहेर बघत "हं" म्हणून पुढं जायची. पोरासोरांचे पास उलटसुलट करून तारीख वाचणारी शिवकन्या, पण या एका पासाकडं तिनं नजर म्हणून टाकली नाही. घरी भाकरी करपायला लागल्या. धुरपदाबाईनं विचारलं, "काय झालं गं, वाळायलीस कामून?" तर म्हणाली, "ऊन लय लागायलंय."

मार्चची एकतीस तारीख. ऑफिसचा शेवटचा दिवस. अवकाळीचं आभाळ भरून आलं होतं आणि बारीक भुरभुर सुरू होती. गाडीत अठ्ठावीस माणसं. ओमप्रकाश खिडकीशी बसला होता, आणि शिवकन्यानं मनाशी पक्कं केलं होतं की आज बघायचंच नाही. परभणी आली की तो उतरेल, आणि संपलं.

कोल्हा पाटीच्या थांब्याला तपासणीवाले चढले. जाड भिंगाचा चष्मा, हातात वही. एकेकाचं तिकीट-पास बघत ते ओमप्रकाशपाशी आले. त्यांनी पास डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं वाचला, "मानवत ते परभणी. तीन महिने. अकरा जूनपर्यंत."

अकरा जून?

शिवकन्याचा हात दांड्यावरच राहिला.

"कंपनीचे ना तुमी? कंपनी तर आज चालली हैदराबादला," चष्मेवाले म्हणाले. "अकरा जूनपर्यंत काय करता?"

"ह्याला मानवतच्या प्लँटवर घेतलंय की साहेब," लक्ष्मीबाई मधेच बोलली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती गर्रकन वळली. "आरं पर ओम्या, प्लँट तर तुझ्या घरापसून पायी दहा मिन्टं! तुला पास कशाला लागतोय?"

सगळी गाडी मागं वळली. वायपर काचेवर कुरकुरत होता. ओमप्रकाशचे कान पहिल्या दिवसापेक्षा लाल झाले होते. चष्मेवाल्यांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा शिवकन्याकडं, पास परत दिला आणि पुढच्या थांब्याला उतरून गेले. शहाणा माणूस.

शिवकन्या त्याच्या सीटजवळ गेली. आज तिकीट नव्हतं, तरी थांबली.

"तुमी हैदराबादला..."

"लिहून दिलं. येनार न्हाई मनून."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"रोज दाखवायलोय की. तुमी खिडकीकडं बगायलात."

"तोंडानं सांगता येत न्हाई का?" तिचा आवाज चढला. वीस दिवसांची भीती एकदम वर आली होती. "मी हिकडं... मला वाटलं मी नको झाले. रोज येऊन पास नाचवायचा माझ्यापुढं!"

"मीच सांगू नको मनलो त्याला," पुढून भगवानराव ओरडले. "डेपोचे साहेब मनले होते, तीस पासवाले दाखवा, मंग फेरी ठेवू. तर ह्यो पोरगा मानवतभर फिरला. मास्तर लोक, बँकेतले, समदे धरले. तिकीटवाले त्यात मोजत न्हाईत, मनून सोताचा बी पास काढला. नक्की झाल्यावर सांगू मनलं, उगं पोरीला आशा कशाला!"

शिवकन्यानं ओमप्रकाशकडं पाहिलं. "किती झाले?"

"चोवीस," तो हळूच म्हणाला. "आज जबाब मिळनार हाय."

परभणीला गाडी लागली. माणसं उतरली, लक्ष्मीबाई तिच्या गालावरून हात फिरवून गेली. ओमप्रकाश मात्र ऑफिसकडं गेला नाही. फलाटाच्या खांबाला टेकून उभा राहिला. शिवकन्या आत साहेबांकडं गेली आणि दहा मिनिटांनी बाहेर आली. तिचं तोंड बघूनच तो काय ते समजला.

"परवापसून बंद," ती म्हणाली. "चोवीसात भागत न्हाई. सकाळच्या मानसांसाठी पाथरीची गाडी मानवतवरून नेनार हायेत, नऊची. लक्ष्मीबाईचं भागंल. माझी ड्यूटी जिंतूरच्या गाडीवर."

इतके दिवस पासांसाठी गावभर फिरलेला माणूस आता हातातल्या पासाची घडी घालत राहिला. "मंजे..." तो म्हणाला, "मी मानवतला, तुमी जिंतूरला. आन् मंदी काईच न्हाई."

आत्ता, याच घडीला आपण मान हलवली की हा "बरं" म्हणेल आणि जाईल, हे शिवकन्याला स्वच्छ दिसलं. तिला त्याची भीती वाटली, आजवर कशाचीच वाटली नव्हती एवढी. 'तुमची नोकरी हाय' म्हणणारी जीभ तिनं एकदाची आवरली.

"मला तुमी पायजेत," ती म्हणाली. भर स्टँडवर, खाकी कपड्यांत. "गाडी असू दे नाहीतर नसू दे. पन मी नोकरी सोडनार न्हाई, आईला सोडनार न्हाई. आधीच सांगते."

"सोडा मनलं कोन?" त्यानं पास खिशात कोंबला. "मला बी तुमीच पायजेत. पयल्या दिवसापसून. बोलाया... भीती वाटायची."

"तुमाला?"

"लय."

ती हसली. भुरभुर थांबली होती, फलाटावर चहाचा वास दरवळत होता, आणि जिंतूरची गाडी कुठं लागते हे बघायलाही तिला सुचत नव्हतं.

"रविवारी घरी या," ती म्हणाली. "आई-बाबांना घेऊन. पन माझी आई वकिलासारखी विचारती. कंपनी तर गेली, आता पोरगं काय करतंय मनंल. काय सांगू?"

ओमप्रकाशनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"सांगा," तो म्हणाला, "कंपनी गेली. पोरगं न्हाई गेलं."