मनीच्या हिरड्या

"माझी बायको बाबांना विष घालतेय," मासेवाल्याचा मुलगा खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाला. "उद्या तिला माहेरी पाठवतोय. तुम्ही फक्त पुरावा द्या."

ताईंनी जांभई दाबली. सगळा जन्म गुप्तहेरगिरीत गेला, पण लोकांचा संशय अजून सुनेपासूनच सुरू व्हायचा. त्यांचे जोडीदार मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, मात्र सरसावून बसले.

घरी म्हातारा मासेवाला भिंतीला टेकून होता. डोळे पिवळे, अंगाला खाज, हात पोटाच्या उजव्या बाजूला.

"जेवण सगळ्यांचं एकाच पातेल्यातलं," सून म्हणाली. "चहा तेवढा त्यांचा वेगळा, बिनसाखरेचा." तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

"चहातच पाणी मुरतंय," मास्तर कुजबुजले.

दुकानात म्हाताऱ्याचा मेहुणा भेटला, धंद्यातला भागीदार. "दाजी पडले नि धंदाच बसला हो. नदीचा मासा ताजा की शिळा, ते कच्चा तुकडा चावून सांगायचे. उरलेला मनीला, आमच्या मांजरीला."

"तुम्ही नाही चावत?"

"छे, मळमळतं मला. भाच्यालाही."

मनी फळीखाली निपचित पडली होती. ताईंनी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पिवळ्या.

"मास्तर, मांजराला चहा कोण पाजतं?"

मास्तर वाकून मनीच्या हिरड्या पाहू लागले.

ताईंनी म्हाताऱ्याला डॉक्टरांकडे धाडलं. संध्याकाळी तपासणीचा निकाल आला तसं सगळ्यांना घरी बसवलं.

"विष नाही, कृमी आहेत," त्या म्हणाल्या. "नदीच्या माशात त्यांची पिल्लं असतात. मासा शिजला की मरतात, कच्चा खाल्ला की पित्तनळीत बिऱ्हाड करतात. नळी तुंबली, म्हणून कावीळ. घरात सगळे शिजवलेलं खातात, म्हणून ठणठणीत. कच्चं खाल्लं दोघांनीच, यांनी आणि मनीनं. यांच्या शौचात कृमींची अंडी सापडलीत. औषध आहे, पण दुखणं जुनं आहे. अशातून पुढे कॅन्सरही होऊ शकतो, तेव्हा तपासण्या टाळू नका."

"पारख कसली, डोंबलाची," म्हातारा पुटपुटला.

मुलाने मान खाली घातली. सुनेने बॅग उचलली.

"आता कशाला जातेस?" तो म्हणाला. "सिद्ध झालं ना."

"तेच तर. सिद्ध व्हावं लागलं."

दारात ती थांबली. "बाबांच्या चहाचं दूध गॅसवर आहे. उतू जाईल, बघ."