फोन वाजला तेव्हा

दिव्यानी रडतच आली. लटारूभाऊंनी तर्री-पोह्यांची बशी नाइलाजाने खाली ठेवली. ब्रह्मपुरीत खासगी तपास करणाऱ्या निशातबाईंचे ते सोबती. डोकं जरा उशिरा चाले, भूक मात्र वेळेवर.

"बाई, डी.एड.च्या यादीत माह्यं नाव नाई! माह्यापेक्षा कमी मार्कवाली बुधरी लागली. आज पाचपर्यंत गडचिरोलीत हजर न झालेल्याची जागा वेटिंगवाल्याले जाते. तिथला फोन कोणी उचलत नाई."

"यादी कुठी पाह्यली?"

"वाजिदभाईच्या कॅफेत, सकाळी. गावात नेट तेवढंच. प्रणितदादा संग होता, माह्या काकाचा पोरगा. तोबी वेटिंगवर आहे बिचारा. मले समोसा चारला त्यानं."

वाजिदचं आणि दिव्यानीच्या बापाचं नालीवरून हाडवैर. लटारूभाऊंचा संशय तिथेच चिकटला.

कॅफेत प्रणित होताच. वाजिद उखडला. "माह्या दुकानात काऊन खोटं दिसन? सारे कॉम्प्युटर या मोठ्या कॉम्प्युटरले विचारतात, हा फोनची लाइन लावून बाहेरून वेबसाइटचं पान आणते. सेटिंग प्रणितनं केली, पण मलेबी येते."

"पान लवकर आलं?"

"फटकन!" दिव्यानी म्हणाली. "वाजिदभाई मामूसंग फोनवर बोलून राह्यले होते, तेवढ्यात."

"दुकानात फोन किती?"

"एकच," वाजिद म्हणाला. "मामूचा आला होता. डायल-अप नेटबी त्याच लाइनवर."

"प्रणित, तू फोन ऐकला?"

"नाई बाई. नेट चालू होतं ना."

निशातबाई खुर्चीत टेकल्या. "नेट चालू असतं तर लाइन अडकून फोन वाजलाच नसता. म्हणजे पान दुकानातूनच आलं. हा मोठा कॉम्प्युटर दलाल. गिऱ्हाईक बाहेरचा माल मागते, अन् दलाल गुपचूप कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे वळवते. तिथी नकली यादी ठेवली होती."

"मंग वाजिदच!" लटारूभाऊ ओरडले.

"भाऊ, डाव त्याचा असता तर तिच्यासमोर फोन उचलला असता का? फोन ऐकूनबी नाई म्हणणारा दुसराच आहे."

प्रणितचा चेहरा उतरला.

वाजिदने शिव्या हासडत सेटिंग काढली. कुईं-कुईं करत लाइन लागली. पान रडतखडत उतरलं. तिसरं नाव दिव्यानीचं! लटारूभाऊंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

गडचिरोलीची जीप निघालीच होती. वाजिद रस्त्यात आडवा उभा राहिला. "थांब रे! पोरगी बसू दे!"

दिव्यानी कॅफेच्या दारातून प्रणितकडे माघारी वळली.

"दादा, जागा पाह्यजे होती तर मागून पाह्यचं होतं. समोसा कायले चारला?"

जीप सुटली.