आजोबांचं पुष्पचक्र गेलं कुठे?

"चोरी! दिवसाढवळ्या चोरी!"

आजोबांचा आवाज स्टेडियमच्या दारापासून थेट मासळीबाजारापर्यंत गेला असणार. हेवॉनने रांगेतून पुन्हा एक चक्कर मारली. पांढऱ्या शेवंतीची माणसाएवढी उंच पुष्पचक्रं तिकीटखिडकीपर्यंत उभी होती. प्रत्येकावर काळ्या फिती. 'व्हेल्सच्या आत्म्याला शांती लाभो.' 'व्यवस्थापनाच्या अकलेला श्रद्धांजली.' हेरांग व्हेल्स हा बेसबॉल संघ सलग अकरा सामने हरला होता. वैतागलेल्या चाहत्यांनी संघाच्या कचेरीला चक्क मयताची फुलं पाठवली होती. सगळ्यांची पोचली होती. नव्हतं ते फक्त आजोबांचं!

"ताई, आजोबांचं सगळ्यांत झणझणीत होतं, म्हणूनच पळवलं," नऊ वर्षांचा दोयुल म्हणाला.

झणझणीत तर होतंच. फितीवरचा मजकूर आजोबा आठवडाभर जेवताना जुळवत होते: 'ब्योन गी-हून, भरल्या पानाचा नास केलात. आता हात धुवा आणि उठा!' ब्योन हे संघाचे प्रमुख.

"अहो, आलंच नाही, तर मी काय जादूने आणू?" पहारेकरी रडकुंडीला आला होता.

"तुमच्या साहेबाला विचार! चेंडू अडवणारा एवढा गुणी शॉर्टस्टॉप विकला आणि आणला कोण? चेंडू फेकायचा सोडून कोपर धरून बसणारा परदेशी पिचर! वर दारात प्लॅस्टिकचा नवा देवमासा! तो काय बॅट धरणार आहे? आणि दोन दिवस झाले, हा ब्योन सामन्यालाही फिरकला नाही. तोंड लपवून बसलाय!"

लोक हसले. हेवॉनला मात्र हसू आलं नाही. मागच्या वर्षी आजी गेली तेव्हाही हीच फुलं होती. आजी गेल्यापासून आजोबा घरात बोलायचे ते फक्त व्हेल्सबद्दल. अलीकडे हरल्यावर तेही बोलत नसत. ती शांतता हेवॉनला भुतासारखी वाटायची. निदान हे पुष्पचक्र लिहिताना त्यांचे डोळे पूर्वीसारखे चमकले होते. ते सापडायलाच हवं होतं!

"तुम्ही घरी जा आजोबा, गुडघा दुखेल," ती म्हणाली. "आम्ही शोधतो."

"सुट्टी आहेच," खालच्या मजल्यावरची ग्युरी म्हणाली. "आणि चोर शोधायचा तर सुरुवात कचेरीपासून नाही, फुलवाल्यापासून करायची!"

फुलांच्या दुकानात मालकीणबाई नव्हत्या. गाडी चालवणारा माणूस एकटाच गार शेवया ओरपत बसला होता.

"काका," ग्युरी अगदी साळसूदपणे म्हणाली, "आमच्या आजोबांना अजून एक पुष्पचक्र पाठवायचंय. कालच्याच पत्त्यावर. पण ते पोचलं ना नक्की?"

"म्हणजे काय! मी स्वतः पोचवलं. ब्योन गी-हून ना? इस्पितळाच्या तळघरात, अंत्यविधीच्या दालनात."

"इस्पितळात?" दोयुल ओरडला. गाडीवाल्याने शेवया गिळल्या.

"मालकीणबाईंनी चिठ्ठीवर स्टेडियम लिहिलं होतं. मी म्हटलं, बाईंची गडबड झाली! स्टेडियमात कुणी मेलंय का? इस्पितळात माझी रोज खेप असते. तिथल्या पडद्यावर मयताच्या नातलगांत ठळक नाव होतं, ब्योन गी-हून. त्यांची आई गेली ना परवा."

"पण फितीवर काय लिहिलंय ते वाचलं नाहीत?" हेवॉनचा आवाज चिरकला.

"फिती कोण वाचतं गं? नाव बघायचं, नेऊन उभं करायचं!"

बाहेर आल्यावर दोयुल हळूच म्हणाला, "ताई, म्हणजे ते तोंड लपवून बसले नव्हते."

"नाही रे."

"आणि आजोबांनी त्यांच्या आईच्या मयतात..."

"गप्प बस ना!" हेवॉन ओरडली, आणि लगेच तिलाच वाईट वाटलं. आजीच्या मयतात असं काही कुणी आणून ठेवलं असतं, तर आजोबांनी काय केलं असतं? त्यांना हे कळता कामा नये. फीत कापून आणायची, बस्स!

दुकानातली कात्री ग्युरीने हळूच मागून आणली. इस्पितळाच्या तळघरात बेत ठरला. दोयुलने पोट धरून विव्हळायचं, ग्युरीने नर्सला बोलवायला धावायचं आणि तेवढ्यात हेवॉनने फीत कापायची. दोयुल इतका मन लावून विव्हळला, की दोन पाहुणे खरंच पाणी घेऊन आले.

दाराशीच आजोबांचं पुष्पचक्र उभं होतं. हेवॉनने टाचा उंचावल्या, कात्री उघडली.

"कापू नकोस."

काळा सूट, दंडावर सुतकाची पट्टी. वर्तमानपत्रातल्या फोटोपेक्षा ब्योनसाहेब कितीतरी म्हातारे दिसत होते.

पळून जाता आलं असतं. पण हेवॉनने कात्री खाली केली. "माझ्या आजोबांचं आहे," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "ते स्टेडियमवर जायचं होतं. त्यांना तुमच्या आईचं माहीत नव्हतं. आमच्याकडेही आजी गेलीय. ते असं कधीच करणार नाहीत!"

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं," ब्योन म्हणाले. "अकरा वेळा हरल्यावर आईचं मरण सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, दया मागतोय. माझ्या बहिणीलाही हे पुष्पचक्र फेकून द्यायचं होतं. मीच राहू दिलं." त्यांनी हाताने फीत सरळ केली. "आजोबांना घेऊन येशील?"

घरी ते सांगणं हे त्या दिवसाचं सगळ्यांत अवघड काम होतं. आजोबा ओरडले नाहीत. कपाट उघडून त्यांनी आजीच्या वेळचा काळा सूट काढला आणि त्याची बटणं हेवॉनने लावून दिली.

दालनात आजोबांनी ब्योनांच्या आईच्या फोटोपुढे दोनदा जमिनीला डोकं टेकवलं. मग मान वर करून नीट पाहिलं, आणि तसेच गुडघ्यांवर बसून राहिले.

"या... तिसऱ्या बेसच्या बाजूच्या बाई!"

"ओळखता तुम्ही?" ब्योनांनी विचारलं.

"नाव कधी विचारलं नाही. वीस वर्षं स्टेडियमवर माझ्या पुढच्या रांगेत बसायच्या. सुके मासे वाटायच्या आणि माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायच्या. उन्हाळाभर दिसल्या नाहीत. मला वाटलं, कंटाळल्या संघाला." आजोबांनी दाराशी उभ्या पुष्पचक्राकडे बोट केलं. "फितीवरचं ते हात धुवा आणि उठा... त्यांच्याच तोंडचं उचललंय मी."

"ठाऊक आहे. लहानपणी ताटात टाकलं, की मला असंच म्हणायची. फीत वाचली तेव्हा वाटलं, तिनेच माझ्यासाठी लिहून ठेवलीय."

दोघंही रडले. मोठी माणसं अशी रडताना पाहून दोयुलने ताईचा हात घट्ट धरला.

मग तिथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांपुढे भात आणि लालभडक तिखट सूप आलं. ब्योन स्वतः आजोबांजवळ येऊन बसले. "तुमची नात धीराची आहे," ते म्हणाले. "माझ्या कचेरीत एवढं खरं बोलणारं कुणी नाही."

आजोबांनी हेवॉनच्या डोक्यावर हात ठेवला. "तिघंही हुशार आहेत. घोडचूक मी केली. साहेब, मला माफ करा. तुमच्याबद्दल वाटेल ते बोललो."

"चुकीचं काय बोललात?"

"आज नको. हा दिवस नाही तो."

"बोला," ब्योन म्हणाले. "आई रोज रात्री फोन करायची. संघ जिंको की हरो, अर्धा तास झाडायची. परवापासून फोन वाजला नाही. आता मला रागावणारं कुणी राहिलं नाही."

आजोबांनी चमचा खाली ठेवला. डोळे पुसले. मग त्यांनी सुरुवात केली.

"तो शॉर्टस्टॉप विकायला नको होता."

"हो," ब्योन म्हणाले, आणि मान खाली घालून पुढचं ऐकू लागले.