शिशाच्या पेटीतलं चतकोर

"थांबा, तात्या! घण खाली ठेवा!"

शालू ओरडली तसा भंगारवाल्या बाळासोतात्यांचा शिशाच्या पेटीवर उगारलेला हात वरच राहिला. नववीतली शालू मे महिन्याच्या सुट्टीत उंब्रजला आजोळी आली होती. ती आणि तिचा मामेभाऊ कृष्णात सायकलचं जुनं पेडल शोधायला दुकानात शिरले होते.

"का गं? आत शिसं हाय. लय वजन हाय!"

पेटीवर पिवळी पट्टी होती. तिच्यावर तीन काळी पाती आणि अक्षरं : इरिडियम-१९२, १२ डिसेंबर १९७३.

"हे चिन्ह आमच्या विज्ञान प्रदर्शनात होतं. यातून किरण निघतात. दिसत नाहीत, पण माणसाला जाळतात!"

कारखान्याच्या बॉयलरचे सांधे अशाच किरणांनी तपासणाऱ्या ठेकेदाराचा मुकादम लालासाहेब दारातच होता. जुन्या पायपांबरोबर पेटीही त्यानेच भंगारात आणली होती. तो हसला.

"अगं, त्याचं अर्धायुष्य चौऱ्याहत्तर दिवसांचं. चौऱ्याहत्तर दिवसांत निम्मं संपलं, पुढच्या चौऱ्याहत्तरांत उरलेलं निम्मं. आज नऊ मे. बरोबर एकशे अठ्ठेचाळीस दिवस झाले. पेटी रिकामी!"

"चूक!" शालू म्हणाली. "दुसऱ्या खेपेला उरलेल्याचं निम्मंच संपतं, सगळं नाही!"

कृष्णातनं बोटांवर मोजलं. "म्हंजी अर्ध्या भाकरीतली अर्धी. चतकोर हाय की अजून आत!"

"पोरांचं काय ऐकता, तात्या? फोडा!"

"मग तुमीच फोडा की, आवं!" कृष्णात म्हणाला. "आमी लांब हुतो."

तात्यांनी घण पुढे केला. लालासाहेबानं तो घेतला, पट्टीकडे पाहिलं, कपाळाचा घाम पुसला आणि घण जमिनीवर टेकवला.

"घरात धूर कोंडल्यावर काडतो तसं समद्यांना भाईर काड!" तात्या बायकोला ओरडले. घर दुकानाच्या मागेच होतं. कृष्णातनं सायकल पोलीस चौकीकडे दामटली.

पोलिसांच्या निरोपावरून तिसऱ्या दिवशी मुंबईहून अणुऊर्जा खात्याचे दोन साहेब मापक यंत्र घेऊन आले. पेटीजवळ जाताच यंत्र टकटक करू लागलं.

"पाव भाग शिल्लक आहे. पेटी फुटली असती तर माणसं मारायला तेवढाही पुरे होता," मोठे साहेब म्हणाले. "गणित कुणी केलं?"

"ताईनं!" कृष्णात म्हणाला. "भाकरी माझी!"

साहेब हसले. "शाबास दोघांनाही!"

लालासाहेब फौजदारांपुढे मान खाली घालून उभा होता. बाळासोतात्या शालूजवळ आले.

"माझी दोन पोरं ह्याच दुकानामागं अंगणात निजत्यात गं," ते म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.