बांधाखालचा वाळा

सकाळी सहा वाजता गावातले सगळे फोन एकदम बोलतात. आधी काळीची बातमी, मग पावसापाण्याची, मग उरलेल्या जगाची. उरलेलं जग येईपर्यंत चहा पिऊन झालेला असतो.

"आज काळी पावणेचार फूट उघडी. ओढ्याकडच्या रानात भेग पाच फुटांपर्यंत. गुरं तिकडे सोडू नयेत."

महानंदाबाई फोनला "बरं" म्हणाल्या. त्याला उत्तराची गरज नसते हे लेकीनं दहादा सांगितलं होतं, पण कुणी चांगलं सांगत असताना गप्प बसणं त्यांना जमत नसे.

तेरणेच्या काठच्या या भागात जमीन दोनच जातींची. घर बांधायचं ती पांढरी आणि पेरायचं ती काळी. काळीत शहाणा माणूस भिंत घालत नाही, कारण काळी स्वस्थ बसत नाही. पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की उभी काठी आत सोडली तर बाहेर धरायला मूठ उरत नाही. एवढं सगळ्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. आत नेमकं काय चालतं ते मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. बघायचं म्हणजे खणायचं, आणि खणलं की ती चाल तिथंच मोडते.

महानंदाबाईंच्या लेकीनं, नीलांबिकेनं, त्यावर उपाय काढला होता. मृदाशास्त्राच्या संस्थेत तिनं आणि तिच्या जोडीदारांनी 'मागरवे' बनवले. हे रवे म्हणजे मोहरीएवढे भाजक्या मातीचे कण. दिवसाच्या उष्म्यात आणि पहाटेच्या गारव्यात जो फरक असतो, त्यावर ते जगतात. विजेच्या अगदी हलक्या लहरींनी शेजारच्या रव्याशी कुजबुजतात. तू किती लांब आहेस? कालच्यापेक्षा सरकलास का? तीन उन्हाळ्यांपूर्वी गावातल्या बायकांनी पिशव्याच्या पिशव्या रवे भेगांमध्ये ओतले होते. "रांगोळी ती रांगोळी, अन् तीबी खड्ड्यात," असं तेव्हा महानंदाबाईच म्हणाल्या होत्या. पाऊस आला, काळी मिटली, रवे पोटात गेले, आणि तेव्हापासून काळीची बातमी सुरू झाली.

या खेपेला नीलानं एक चष्मा आणला होता.

"रानात चल. तुला जमिनीच्या आत दाखवते."

"माझ्या जमिनीच्या आत मला बघायला तू चष्मा लावनार?"

"तूच लावणार आहेस. चप्पल घाल."

रानाच्या कडेला पोहोचताच महानंदाबाईंची नजर सवयीनं बांधावर गेली. बांधाच्या पलीकडे जाऊबाईंचं, शिवकांताबाईंचं रान. चौथा दगड पुन्हा अलीकडे, महानंदाबाईंच्या बाजूला कलला होता.

"बघितलंस? परत सरकवला तिनं! सत्तरी उलटली तरी हौस जात न्हाई."

दरवर्षी मे महिन्यात तो दगड कलायचा. दरवर्षी महानंदाबाई तो पायानं पलीकडे ढकलायच्या. पलीकडच्याही काही दगडांचं असंच व्हायचं, आणि तिकडून कुणीतरी ते अलीकडे ढकलायचं. बोलणं एकतीस वर्षं बंद होतं. बांध घालणारे दोघे भाऊ, या दोघींचे नवरे, जाऊनही सात-आठ वर्षं झाली, पण दोन घरांत दगडांचा हा व्यवहार नेमानं चालू होता.

नीलानं आईच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

महानंदाबाईंच्या पायाखालची जमीन नाहीशी झाली. त्यांनी लेकीचा दंड घट्ट धरला. काळं पाणी असावं तशी माती आरपार झाली होती, आणि त्यात लाखो रवे चांदण्यांसारखे लुकलुकत होते. भेगा वरून दिसत तशा सरळ नव्हत्याच. त्या तिरक्या, फांद्या फुटलेल्या, एकमेकींत शिरलेल्या होत्या. खोलवर आरशासारखे चकचकीत उतार दिसत होते. माती मातीवरून घसरून घसरून ते झिजले होते.

"ही आजची काळी," नीला म्हणाली. "आता रव्यांच्या हिशोबानं शंभर वर्षं एका मिनिटात चालवते."

पाऊस. माती फुगली, भेगा मिटल्या. ऊन. भेगा उघडल्या, वरची सैल माती त्यांत घरंगळली. पुन्हा पाऊस. आता खाली जागा पुरेना, तेव्हा खालची माती त्या चकचकीत उतारांवरून तिरकी वर चढली. ऊन, पाऊस, ऊन, पाऊस. सगळं रान श्वास घेऊ लागलं. वरचं खाली, खालचं वर. खडे हळूहळू उचलले गेले, पृष्ठभागावर आले, आणि पुढच्या भेगेत पुन्हा बुडाले.

"आधण आलंय," महानंदाबाई हळूच म्हणाल्या. "भात शिजताना तांदूळ असेच वरखाली होतात."

"बरोबर. फक्त इथं एका उकळीला काही शतकं लागतात. या मातीचे कण पापडांच्या चळतीसारखे असतात. पाणी मध्ये शिरलं की पापड लांब होतात, वाळलं की चिकटतात. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची ही माती. नुसता पाऊस असता तर गाळ होऊन पडली असती. नुसतं ऊन असतं तर वीट झाली असती. चार महिने भिजायचं नि आठ महिने तापायचं, म्हणून ही स्वतःच स्वतःला नांगरते."

"आन् आपण वर बसून म्हनायचं, आम्ही नांगरलं." महानंदाबाईंनी नकळत पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. मग त्यांना बांध दिसला. शंभर वर्षांच्या त्या मिनिटात दगड एकेक करून डुलत होते, कधी अलीकडे, कधी पलीकडे. चौथा तर नंदीबैल मान हलवतो तसा हलत होता. त्याला हात लावणारं तिथं कुणी नव्हतं.

त्यांनी विचारलं, "म्हंजे ती ढकलत नव्हती?"

"ढकलत असेल की. तू ढकलायचीस म्हणून." नीलानं आवाज खाली घेतला. "आई, मला दुसरंच दाखवायचंय. त्या दगडाच्या खाली बघ. साडेचार फूट."

रवे कठीण वस्तूत शिरत नाहीत, तिला वळसा घालतात. त्यामुळे वस्तू दिसत नाही, तिच्याभोवतीची मोकळी जागा दिसते. चौथ्या दगडाखाली, चांदण्यांच्या गर्दीत, एक लहानशी गोल मोकळी जागा होती. तिच्याजवळच्या रव्यांची कुजबुज चांदीजवळ होते तशी बदलली होती. कडेला तीन बारीक फुगवटे होते. तीन घुंगरू.

महानंदाबाई भेगेच्या कडेला बसल्या.

एकतीस वर्षांपूर्वी, असंच ऊन होतं. सकाळी वळवाचा शिंतोडा येऊन गेला होता. दोन वर्षांची नीला थोरल्या जावेबरोबर, शिवकांताबाईंबरोबर, रानात आली, तेव्हा दोन पायांत दोन वाळे होते. परतली तेव्हा एक. शिवकांताबाई म्हणाल्या, काळीनं गिळला असेल. महानंदाबाई स्वतः रानात जाऊन पाहून आल्या. पावसानं जमीन मिटलेली, कुठं बोट घालायला फट नव्हती. मिटलेली जमीन काय गिळणार? काळीत जन्म गेलेल्या कुणालाही हे पटलं असतं, आणि सगळ्यांना पटलंच. शिवकांताबाईंना मूलबाळ नव्हतं. "तिला आपल्या घरातलं सुख बघवत न्हाई" इथपर्यंत बोलणं गेलं. त्याच वर्षी भावांनी वाटणी केली आणि रानाच्या मधून बांध पडला.

"त्या दिवशीचा पाऊस नोंदवलेला आहे. चार मिलिमीटर," नीला म्हणाली. "मी तो घालून रान उलटं चालवून पाहिलं. तेवढ्यानं वर फक्त पापुद्रा धरतो, भाकरीएवढा जाड. खालची भेग महिनाभर तशीच उघडी असते. मी त्यावर उडी मारली असणार. पाय आत गेला, वाळा निसटला, आणि भोक ओल्या मातीनं बुजलं."

"आन् बांध?"

"भेग तिरकी होती. वाळा तिच्यातून खाली गेला, नंतर मातीनं हातभर सरकवला. ज्या वाळ्यावरून बांध पडला, त्या वाळ्याच्या डोक्यावरच बांध पडलाय." नीलानं बांधापलीकडे बोट केलं. "तो आता जरासा पलीकडच्या हद्दीत आहे. काढायचा तर त्यांना विचारावं लागेल. आणि विचारायला मी जाणार नाही."

शिवकांताबाईंच्या अंगणात बाजेवर धोतर पसरून कुरडया चालल्या होत्या. सोऱ्या दाबता दाबता त्यांनी मान वर केली नाही.

"कोन हाय? सावली वळखीची वाटतीय."

"मी हाय."

"मी तर हितं बसलेय. तू कोन?"

"महानंदा."

"घाना पुरा होऊ दे. चीक गार झाला की कुरडी तुटती."

महानंदाबाई उन्हात उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांनंतर आलेल्या माणसाला कुरडयांनी थांबवावं, हे त्यांना रास्तच वाटलं. दोन ओळी झाल्या. तिसरीच्या मध्यावर त्यांच्यानं राहवेना.

"जाऊबाई, वाळा सापडला."

सोऱ्या थांबला नाही. "कुनाच्या घरात?"

"काळीत."

"मग मी काय म्हनले होते?"

"काळीनं गिळला म्हनला होता तुम्ही."

"आन् तू?"

"जमीन मिटलीय म्हनले."

"त्याच्या फुडं काय म्हनलीस?"

महानंदाबाईंनी पदर तोंडाला लावला, मग काढला. हे पदराआडून बोलायचं नव्हतं. "चोर म्हनले."

कुरडी तुटली. शिवकांताबाईंनी ती बोटानं जोडली आणि सोऱ्या परातीत ठेवला.

"तोंडावर कुनी म्हनलं न्हाई बघ गावात. चांगली मानसं. पर त्याच्यानंतर एकतीस वर्षांत एका बाईनं आपलं लेकरू माझ्या मांडीवर दिलं न्हाई. हळदीकुंकवाला बोलवायच्या, लेकरू मात्र दुसऱ्या खोलीत निजलेलं असायचं. तुझी नीली शाळंत जायची ना, तर मी वटाण्याची शेंग सोलायला म्हनून दारात बसायची. तासभर. एका शेंगंला."

'माफ करा' हा शब्द महानंदाबाईंनी वाटेत दहादा घोकला होता. तो आता फारच लहान वाटला, मोहरीएवढा. तरी त्यांनी तो टाकला.

शिवकांताबाई हात धूत म्हणाल्या, "दाखव कुठंय तो मुडदा."

रानात नीला उभी होती. म्हाताऱ्या बाईनं तिच्याकडे धड पाहिलं नाही, फक्त चष्मा घेतला. मग त्याही एकदा डगमगल्या, आणि त्यांना सावरायला दोन्ही बाजूंनी एकदम हात पुढे आले.

वाऱ्यानं सुकी ढेकळं भेगेत पडल्याचा आवाज येत होता.

"माझ्याकडंच निघाला की गं शेवटी," शिवकांताबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं उगंच चोर म्हनवून घेतलं. आता खरी चोर झाले." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी नाक ओढलं. "आन् ही शेजारची कसली गं गोल जागा? दुसरा वाळा?"

"तो वाळा नाही," नीला म्हणाली. " काल रात्रीपर्यंत मलाही कळलं नव्हतं. आकार जुळवून पाहिला. शंखाची बांगडी आहे, लहान मुलाच्या हातातली. या नदीकाठी पूर्वी शंखाच्या बांगड्या करायचे. दीड-दोन हजार वर्षं झाली असतील. मातीत चुना आहे म्हणून टिकली."

"ती कशी पडली?"

"तशीच पडली असणार, एखाद्या भेगेत. तळाशी गेली असेल, आणि आता वर निघालीय. आपला वाळा अजून खाली चाललाय. आत्ता दोन्ही एका पातळीवर आहेत. मध्ये एक वीत."

महानंदाबाईंनी चष्मा मागून घेतला. अंधारात दोन लहान वर्तुळं होती. एकात चांदी, एकात शंख. एक पाय, एक मनगट. दोन हजार वर्षांचं अंतर एका वितीवर आलं होतं.

"खणायचं का, मोठी आई?" नीलानं विचारलं. ती हाक तिच्या तोंडून कशी आली ते तिलाच कळलं नाही. ती कुणी तिला शिकवली नव्हती, निदान आठवेल अशा वयात नाही. "खणलं तर वाळा मिळेल, पण इथली चाल मोडेल. नाही खणलं तर बांगडी वर यायला शंभरेक वर्षं लागतील. वाळ्याचं तर विचारूच नका."

शिवकांताबाई खाली वाकल्या. त्यांनी नीलाचा घोटा अंगठा आणि तर्जनीत धरायचा प्रयत्न केला. बोटं पुरली नाहीत.

"पुरायची," त्या म्हणाल्या. "तवा पुरायची. आता तो वाळा काढून घालायचा कुनाला? राहू दे माझ्या हद्दीत." मग बांधाच्या कललेल्या दगडाचा आधार घेत त्या उठल्या. त्यांनी दगड ढकलला नाही, महानंदाबाईंनीही नाही. "मला त्या बांगडीचं कोडं पडलंय, महानंदे. ती हरवली तवा तिच्या आईनं कुनावर आळ घेतला असंल?"

चष्म्याआड रवे कुजबुजत होते. तू किती लांब आहेस? कालच्यापेक्षा जवळ आलास का? महानंदाबाईंना तो आळ आलेली दुसरी बाई दिसत राहिली, जिचं नाव कुठल्याच मातीत उरलेलं नव्हतं. तिच्या मांडीवर पुढं कुणी आपलं लेकरू दिलं असेल का? आणि तिच्या दारात जाऊन, उन्हात उभं राहून, 'चुकलं माझं' असं तिला कुणी कधी सांगितलं असेल का?